डोळ्याखालचे गळू आणि तुटलेला सुळा: बंदिस्त ऱ्हीसस नराचे एक प्रकरण

डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज, मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र आणि त्यातून पाझरणारा पिवळसर पू. सुमारे 14 वर्षांच्या ऱ्हीसस माकडाच्या नराला ही सूज सात महिन्यांत तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन्ही वेळी नोंदवहीत ‘मारामारीतली जखम’ असे लिहिले गेले. भूल देऊन चीर दिली, पू काढला, पोकळी धुतली, 7 ते 10 दिवस प्रतिजैविक दिले. दोन्ही वेळा सूज आठवड्याभरात ओसरली आणि दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत परत आली. तोंड मात्र एकदाही नीट उघडून पाहिले गेले नव्हते.

हे कोणा एका प्राण्याचे चरित्र नाही. बंदिस्त नर मकाकांत (ऱ्हीसस हा या माकडांचाच एक प्रकार) पुन्हा पुन्हा दिसणारे चित्र एका नरावर बसवून मांडले आहे. मात्रा त्याच्या 9.4 किलो वजनावर काढल्या आहेत. दुसऱ्या प्राण्यासाठी त्या पशुवैद्यकाने नव्याने काढायच्या असतात.

दुखणे दिसत होते, वाचले गेले नाही

दात दुखतो म्हणून माकड खाणे सोडत नाही. खाणे सोडेपर्यंत आजार फार पुढे गेलेला असतो. कळपातल्या मुख्य नराला तर दुबळेपणा दाखवणे परवडतच नाही. त्यामुळे ‘खातोय ना, मग ठीक आहे’ हा निकष इथे निरुपयोगी ठरतो. काय खातो यापेक्षा कसे खातो ते पाहावे लागते.

या नराच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्यावर धागे सापडले. वर्षभरात वजन 10.3 वरून 9.4 किलोवर आले होते. पेलेट, म्हणजे कोरड्या तयार खाद्याचे दाबलेले तुकडे, तो आधी पाण्यात बुडवून मऊ करी आणि मगच खाई. सांभाळणाऱ्यांना ती त्याची लकब वाटली होती. टणक कवचाच्या शेंगा तो उजव्या दाढांनी फोडी. फळाची फोड समोरच्या दातांनी तोडण्याऐवजी हाताने चिरून मागे सरकवी. अधूनमधून गाल गजावर घाशी. एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ, चारही एकाच नरात दिसल्या तर दात तपासायलाच हवेत.

जांभईसुद्धा उपयोगी पडते. नर मकाक धाक दाखवायला तोंड पूर्ण फाकवून जांभई देतो आणि त्या दोन सेकंदांत चारही सुळे दिसतात. त्याच क्षणाचे पिंजऱ्याबाहेरून काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर डावा वरचा सुळा उजव्यापेक्षा बोटाच्या पाव पेराएवढा आखूड दिसला. टोकाशी काळा ठिपका होता. निदान अर्धे तिथेच झाले.

डोळ्याखालची सूज आणि दाताचा संबंध

मकाकांच्या तोंडात माणसाप्रमाणेच 32 दात असतात: प्रत्येक अर्ध्या जबड्यात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. फरक सुळ्यात आहे. नराच्या वरच्या सुळ्याचे हिरडीत दडलेले मूळ लांब आणि मागे झुकलेले असते, आणि त्याचे टोक वर डोळ्याच्या दिशेने जाते. दाताच्या आतली नस मेली की जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडतात, भोवतालचे हाड विरघळते, पू पातळ हाडातून वाट काढतो आणि डोळ्याखाली फुटतो. तोंडात कुठेच सूज दिसत नाही, आणि फसगत होते ती इथेच.

प्रतिजैविकाने बरे वाटून पुन्हा उलटते, याचे कारणही साधे आहे. नस मेलेल्या दाताच्या आतल्या नळीत रक्तपुरवठा उरलेला नसतो. औषध रक्तातून सगळीकडे जाते, पण जिथे जंतूंचा थर चिकटून बसला आहे त्या पोकळीत पोहोचतच नाही. भोवतालच्या ऊतीतला दाह शमतो, मूळ केंद्र तसेच राहते. औषधाच्या दोन फेऱ्या होऊनही सूज त्याच जागी परत आली, तर तिसरी फेरी न देता क्ष-किरण घ्यावा.

तरीही प्रत्येक सूज सुळ्याचीच नसते. गालपिशवीत (गालातल्या, खाणे साठवायच्या पिशवीत) टोकदार काडी रुतून झालेले गळू खालच्या जबड्याच्या रेषेजवळ येते आणि बोटाने दाबल्यास गालात हलते. सुळ्याच्या मुळाचे गळू हाडाला घट्ट चिकटलेले असते. चाव्याच्या जखमेला बहुधा जोडीने दोन भोके असतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वरच्या दाढेचे गळू थोडे मागे, गालाच्या हाडाखाली येते. क्षय आणि गाठ या दोन शक्यता वयस्क प्राण्यात डोक्यात ठेवाव्याच लागतात.

भूल देण्याआधीची तयारी

मकाकाच्या तोंडात हात घालणे म्हणजे हर्पीस बी विषाणूच्या शक्यतेत हात घालणे. प्रौढ मकाकांत हा संसर्ग सर्रास असतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लाळेतून विषाणू अधूनमधून बाहेर पडत राहतो. माणसात तो मेंदूपर्यंत पोहोचला आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेक रुग्ण दगावतात. 1932 मध्ये माकड चावल्यानंतर मृत्यू पावलेल्या एका संशोधकाच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून विषाणूला ‘बी’ हे नाव पडले. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रायमेट संशोधन केंद्रात तरुण कर्मचाऱ्याच्या डोळ्यात माकडाच्या शरीरातला द्रव उडाला. चावा नाही, ओरखडा नाही, तरी मृत्यू आला. त्यानंतर डोळ्यांचे संरक्षण हा ऐच्छिक विषय राहिला नाही.

दंतोपचारात धोका जास्त, कारण अल्ट्रासॉनिक स्केलर (किटण काढणारे यंत्र) आणि फिरते बर (दात-हाड कापणारे टोक) लाळेचे तुषार हवेत उडवतात. खोलीतल्या प्रत्येकाला एन-95 मास्क, बाजूंनीही बंद असलेला चष्मा, त्यावर फेस शील्ड, दुहेरी हातमोजे आणि पाणी न शिरणारा गाऊन. तोंड उघडल्यावर पहिले काम म्हणजे 0.12 टक्के क्लोरहेक्सिडीनने दात आणि हिरड्या पुसून घेणे. त्याने तुषारांतला जंतूंचा भार कमी होतो, मात्र मास्क उतरवता येत नाही. हातमोज्यातून टोचले तर जखम साबणाने 15 मिनिटे चोळून धुवायची. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धरायचे. घड्याळ लावून 15 मिनिटे, अंदाजाने नाही. मग लगेच डॉक्टर. प्रतिबंधक म्हणून प्रौढ माणसाला व्हॅलॅसिक्लोव्हिर 1 ग्रॅम दर 8 तासांनी 14 दिवस देतात. औषध कुठे मिळेल हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठरलेले असावे.

आणखी एक अडचण या केसमध्ये मुद्दाम सांगण्यासारखी आहे. माकडांची क्षयचाचणी वरच्या पापणीत 0.1 मिली ट्युबरक्युलिन टोचून करतात आणि 24, 48, 72 तासांनी पापणीची सूज वाचतात. भूल दिलेलीच आहे तर चाचणीही उरकू, असा मोह होतो. ज्या बाजूला गळू आहे त्याच पापणीत टोचले तर तीन दिवसांनी पाहिलेल्या सुजेचा अर्थ कुणालाच लागत नाही. इथे चाचणी उजव्या पापणीत केली.

उपवास 10 तासांचा ठेवला, पाणी चालू. पण मकाकाचा उपवास हा अर्धाच उपवास असतो. आदल्या संध्याकाळचे खाणे त्याने गालपिशव्यांत साठवलेले असते. भूल चढताच मान वळवून, बाहेरून गाल पुढच्या दिशेने चेपून दोन्ही पिशव्या रिकाम्या करायच्या, मग श्वासनळीत नळी घालायची. या नराच्या डाव्या पिशवीतून मूठभर भिजलेले पेलेट आणि शेंगेच्या सालीचे तुकडे निघाले. हे राहून गेले असते तर स्केलरच्या पाण्याबरोबर थेट घशात उतरले असते.

भूल: स्क्वीझ केजमध्ये (भिंत सरकवून प्राण्याला दाबून धरणाऱ्या पिंजऱ्यात) केटामीन 10 मिग्रॅ प्रतिकिलो (100 मिग्रॅ/मिली द्रावणाचे 0.94 मिली) आणि मिडॅझोलॅम 0.1 मिग्रॅ प्रतिकिलो, दोन्ही मांडीच्या स्नायूत. स्वरयंत्रावर लिडोकेनचा एक थेंब, अर्धा मिनिट थांबणे, मग 5 मिमी आतील व्यासाची, कफ (फुगवता येणारा फुगा) असलेली नळी. मकाकाची श्वासनळी आखूड असते, नळी थोडी जास्त आत गेली की एकाच फुफ्फुसात हवा जाते. म्हणून दोन्ही बाजू स्टेथोस्कोपने ऐकून मगच बांधायची. पुढे आयसोफ्ल्युरेन हा भुलेचा वायू, शिरेतून द्रव ताशी 5 मिली प्रतिकिलो, म्हणजे ताशी 47 मिली. दंतोपचारात डोके ओले राहते, म्हणून तापमान 37 अंशांखाली जाणार नाही हे गरम हवेच्या पांघरुणाने सांभाळावे लागते. घशात गॉझची गुंडाळी ठेवली, तिला दोरा बांधून टोक ओठाबाहेर लोंबते ठेवले. गुंडाळी आत विसरणे ही अशी चूक आहे की जी झाल्यावर प्राणी शुद्धीवर येताना गुदमरतो. तो बाहेर लोंबता दोरा फार स्वस्तातला विमा आहे.

तोंडात काय सापडले

डावा वरचा सुळा, दंततक्त्यातला क्रमांक 204. (प्राण्यांच्या या सामायिक तक्त्यात उपदाढा चार धरतात; मकाकाला त्यातल्या पहिल्या दोन नसतात, म्हणून तक्त्यात 204 नंतर थेट 207 येतो, नवख्याच्या नोंदी इथे घसरतात.) टोकाचा सुमारे 6 मिमी भाग गेलेला. तुटल्या जागी मधोमध काळा ठिपका. असा ठिपका दोन प्रकारचा असतो आणि उपचार त्यावरच ठरतो. दात हळूहळू झिजला असेल तर नस स्वतःभोवती नवे डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) रचत मागे सरकते. तिथे तपकिरी पण गुळगुळीत, चकचकीत डाग दिसतो आणि एक्सप्लोररचे (दात तपासायच्या अणकुचीदार हत्याराचे) टोक त्यावरून घसरते. दात एकदम तुटून नस उघडी पडली असेल तर टोक भोकात अडकते. इथे ते अडकले, 3 मिमी आत गेले आणि बाहेर काढल्यावर त्याला कुजका वास होता. उजव्या सुळ्याचे टोकही झिजलेले होते, पण तिथे एक्सप्लोरर घसरला.

सुळ्याच्या पुढच्या बाजूला नर मकाकाला उभी खोल खाच असते. ती नैसर्गिक आहे. तिला तडा समजू नये. मात्र त्या खाचेत किटण भरून बसते आणि खरा तडा झाकला जातो. स्केलरने खाच साफ केल्यावर गालाकडच्या अंगाला, तुटल्या टोकापासून सरळ हिरडीखाली गेलेली केसासारखी रेघ दिसली. नेमक्या त्या जागी प्रोब (हिरडीखालची खोली मोजायची सळई) 8 मिमी खाली उतरला. दाताच्या इतर बाजूंना 2 ते 3 मिमी. 3 मिमीपर्यंतची खोली मकाकात चालते. एकाच ठिकाणी, अरुंद आणि खोल खळगा म्हणजे बहुधा मुळापर्यंत गेलेला उभा तडा.

खालच्या डाव्या दाढांवर गालाच्या बाजूने हिरडीलगत किडीचे दोन उथळ तपकिरी खड्डे होते. गालपिशवीत साठवलेले खाणे तासन्‌तास तिथेच टेकून राहते, आणि माकडाच्या लाळेतले अमायलेज पिठूळ खाण्याची साखर तिथल्या तिथे करून देते. मकाकांच्या दंतथरात किडीला कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या त्यांच्या स्वतःच्या जातीही सापडतात. एकीला तर स्ट्रेप्टोकॉकस मकाकी असेच नाव आहे. बाकी दातांवर मध्यम किटण, हिरड्या लाल, प्रोब लागताच रक्त.

क्ष-किरणासाठी माणसाच्या दाढेची 2 नंबरची फिल्म (31 × 41 मिमी) वापरली तर सुळ्याचे टोक हमखास कापले जाते, आणि तेच तर पाहायचे असते. 4 नंबरची (57 × 76 मिमी) घेऊन, फिल्म आणि मूळ यांच्यातल्या कोनाच्या मध्यरेषेला काटकोनात किरण टाकला. अंदाज दाताच्या दिसणाऱ्या भागावरून न घेता मुळाच्या झुकावावरून घ्यावा. मूळ मागे वाकलेले असते, म्हणून पहिली प्रतिमा बहुतेक वेळा लांबट येते. डोळ्याखालच्या छिद्रातून गटापर्चाची (क्ष-किरणात दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी, अडेल तिथपर्यंत हळूच सरकवून दुसरी प्रतिमा घेतली. काडीचे पांढरे टोक 204 च्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबले. आता वादाला जागा उरली नाही.

त्याच प्रतिमेत आणखी एक गोष्ट होती. डाव्या सुळ्यातली नळी उजव्यापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसत होती. जिवंत दात आयुष्यभर आतून डेंटिन चढवत नळी अरुंद करत जातो. मेलेला दात जिथे थांबला तिथेच थांबतो. म्हणजे हा दात सात महिन्यांपूर्वी नव्हे, काही वर्षांपूर्वीच मेलेला होता. सूज हा फार उशिराचा अंक.

काढायचा की वाचवायचा

नर माकडाचा सुळा काढण्याची घाई करू नये. मूळ लांब, हाड पातळ, नाकाची पोकळी शेजारी; शिवाय सुळा हे त्याचे सामाजिक हत्यार आहे. नस उघडी पडून एक-दोन दिवसच झाले असतील आणि प्राणी तरुण असेल तर वरची नस छाटून त्यावर एमटीए हे दंतोपचारातले सिमेंट भरता येते आणि दात जिवंत राहतो. नस मेली पण मूळ शाबूत असेल तर रूट कॅनाल हा पहिला पर्याय. वाहते छिद्र असले तरी चालते, आतली घाण निघाली की ते आपोआप बुजते. फक्त माणसासाठीच्या 25 किंवा 31 मिमी फाइल (नळी खरवडायच्या बारीक कानशी) मोठ्या नराच्या सुळ्यात अपुऱ्या पडतात. प्राण्यांसाठीच्या लांब फाइल आधीच मागवून ठेवाव्यात. दंतवैद्याला बोलावले आणि ऐन वेळी फाइल आखूड पडली, तर दुसऱ्या भुलेची वेळ येते.

इथे उभ्या तड्याने प्रश्न मिटवला. तडा हिरडीखाली गेला की नळी कितीही नीट भरा, तड्यातून जंतू आत येतच राहतात. मुळाचे टोकही विरघळून बोथट झाले होते. सुळा काढायचे ठरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. आजारी सुळा काढणे वेगळे आणि माकड चावू नये म्हणून निरोगी सुळे काढणे किंवा कापणे वेगळे. दुसरा प्रकार एकेकाळी सर्रास चाले. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2006 पासून तो योग्य पशुवैद्यकीय उपचार मानणे बंद केले. त्यातून साधतही काही नाही: बाकीचे दात तितकेच चावतात, आणि कापलेल्या सुळ्यात नस उघडी राहिली तर काही वर्षांनी याच प्रकरणातले गळू हजर होते.

सुळा काढताना

आधी बधिरीकरण. 0.5 टक्के बुपिव्हॅकेन 0.5 मिली डोळ्याखालच्या हाडातल्या, मज्जातंतू बाहेर पडतो त्या नैसर्गिक छिद्राच्या तोंडाशी आणि 0.2 मिली टाळूच्या बाजूला. दोन्ही मिळून 3.5 मिग्रॅ, 2 मिग्रॅ प्रतिकिलो या मर्यादेच्या (18.8 मिग्रॅ) खूप खाली. कुत्र्यात सुई त्या छिद्रात आत सरकवतात, तो हात इथे आवरावा: माकडाचा चेहरा चपटा, नळी आखूड आणि मागे लगेच डोळा. 10 मिनिटे थांबल्यावर आयसोफ्ल्युरेन कमी करता आले.

मग हिरडीचा पापुद्रा. चीर सुळ्याच्या पुढच्या बाजूला, पटाशीच्या दाताशी असलेल्या नैसर्गिक मोकळ्या जागेतून वर नेली; मागची चीर सुळ्यालगतच्या उपदाढेच्या मागून. पापुद्रा पायाशी रुंद ठेवायचा, म्हणजे रक्तपुरवठा टिकतो. मुळावरचे गालाकडचे हाड गोल बरने, सतत पाणी सोडत, मुळाच्या लांबीच्या निम्म्याहून थोडे जास्त काढले. पाणी थांबले की हाड भाजते आणि टाके बसूनही जखम भरत नाही. हँडपीसमधली (बर फिरवणाऱ्या हातातल्या यंत्रातली) हवा पापुद्र्याखाली फुंकली गेली तर डोळ्याभोवती चुरचुरणारी सूज येते, म्हणून हवेवर चालणारा हँडपीस पापुद्र्याखाली रोखून धरायचा नाही.

यानंतर खरे काम संयमाचे. ल्युक्सेटर (दात सैल करायचे पातळ पात्याचे हत्यार) मूळ आणि हाड यांच्या फटीत बसवायचा, किंचित फिरवायचा आणि दहा-पंधरा सेकंद तसाच धरायचा. दाताला धरून ठेवणारे तंतू ताणाने थकून तुटतात, जोराने नाही. पहारीसारखा दाब दिला की मूळ टोकाशी मोडते, आणि टोक आत राहिले तर गळू राहिलेच. धरणाऱ्या हाताची तर्जनी हत्याराच्या पात्यावर, टोकापासून सेंटीमीटरभर अंतरावर हवी. हत्यार सटकले तरी बोट हाडाला टेकून थांबते आणि डोळा वाचतो. या नराच्या खाचेत ल्युक्सेटर दोनदा अडकला. खाचेची बाजू सोडून मागून आणि गालाकडून काम केल्यावर सुळा 25 मिनिटांत सुटला. मूळ अखंड बाहेर आले की नाही हे टेबलावर ठेवून पाहावे आणि लगेच क्ष-किरणाने खात्री करावी.

पोकळी खरवडून मऊ लाल ऊती काढली, सलाईनने धुतली. टाळूकडच्या भिंतीला छिद्र पडून नाकाशी वाट झाली आहे का, हे सलाईन सोडून पाहिले. नाकपुडीतून पाणी आले नाही. हाडाचे काठ गुळगुळीत केले, पापुद्रा आतल्या पडद्याला काप देऊन सैल केला आणि विरघळणाऱ्या 4-0 धाग्याने सुटे टाके घातले. पापुद्रा ताणून शिवलेला असेल तर टाके चौथ्या-पाचव्या दिवशी उसवतात, हा नियमच समजा. डोळ्याखालचे छिद्र शिवले नाही. खालचे कारण गेले की ते स्वतः बुजते. शेवटी तोंड हळूच मिटवून खालचा सुळा टाक्यांवर टेकत नाही ना, ते पाहिले.

बाकी दातांचे किटण काढताना स्केलर एका दातावर 10-15 सेकंदांपेक्षा जास्त थांबवायचा नाही, नस तापते. पॉलिश केले. खालच्या दाढांवरचे किडीचे खड्डे साफ करून ग्लास आयनोमर या दात भरायच्या सिमेंटने भरले. घशातली गुंडाळी दोऱ्यासकट बाहेर. एकूण वेळ अडीच तास.

नंतरचे दहा दिवस

शुद्धीवर येताना ओठ बधिर असतो. माकडाला ते विचित्र वाटते आणि ते बोटांनी ओठ ओढते, क्वचित चावतेही. बुपिव्हॅकेनचा असर 4 ते 8 तास टिकतो. तेवढा वेळ कुणीतरी समोर बसलेले असावे.

वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन 0.02 मिग्रॅ प्रतिकिलो स्नायूत दिले, आणि मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी 0.2, नंतर 0.1 मिग्रॅ प्रतिकिलो, असे पाच दिवस. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट 15 मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून दोनदा, सात दिवस.

गोळी देणे हा मकाकात स्वतंत्र विषय आहे. तो गोळी घेतो, गिळल्यासारखे करतो, गालपिशवीत ठेवतो आणि तुमची पाठ वळली की थुंकतो. नोंदवहीत ‘औषध दिले’, जमिनीवर गोळी. म्हणून औषध द्रवरूपातच, फळाच्या गरात कालवून, दिवसाचे पहिले खाणे म्हणून द्यायचे आणि पुढची तीन मिनिटे उभे राहून पाहायचे. अमॉक्सिसिलिनचा कडवटपणा तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलाच. गर बदलावा लागला.

पहिले पाच दिवस सगळे खाणे लगद्यासारखे, म्हणजे पिशवीत साठवण्याजोगे काहीच नाही. मग दहाव्या दिवसापर्यंत भिजवलेले पेलेट. गजांशी दात घासू नयेत म्हणून मुक्काम पत्र्याच्या भिंतींच्या खोलीत. एका बाजूला जाळी, जाळीपलीकडे त्याच्याच माद्या. नराला दहा दिवस पूर्ण नजरेआड केले तर परत सोडताना मारामारीची शक्यता वाढते. सातव्या दिवशी शिंक आणि डाव्या नाकपुडीतून स्राव आहे का ते मुद्दाम पाहिले. नाकाशी वाट झाली असेल तर ती बहुधा याच सुमारास उघड होते. काही नव्हते. छिद्र नवव्या दिवशी बुजले.

सुळा तुटला कशाने

गजांवर. उरलेल्या तिन्ही सुळ्यांच्या मागच्या कडा एकसारख्या झिजलेल्या होत्या, आणि अशी झीज खाण्याने होत नाही. ती धातू चावून ओढल्याने होते. दोन दिवसांच्या निरीक्षणात दिसले की खाणे येण्याआधीच्या अर्ध्या तासात तो दाराच्या कडीजवळचा एकच गज सुळ्यात धरून हिसडे देत होता. खाणे रोज ठरल्या मिनिटाला, त्याच दारातून येत होते. वेळ पुढेमागे केली, खाणे दोनऐवजी पाच वेळांत विभागून छपरावरून विखरून टाकले, त्या गजावर आतून सपाट पत्रा बसवला. चावायचेच असेल तर साल असलेल्या ताज्या फांद्या ठेवल्या. दगड, हाडे आणि कडक नायलॉनच्या वस्तू काढून टाकल्या. दाताहून कठीण वस्तू दात तोडते.

आहारात फळांचा भाग निम्म्याहून अधिक होता. बागायती फळे गोडव्यासाठी निवडत निवडत वाढवलेली असतात. रानफळांच्या मानाने साखर जास्त, तंतू कमी. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने याच कारणाने 2014 च्या सुमारास माकडांची केळी बंद केली. या नराची फळे टप्प्याटप्प्याने, सहा आठवड्यांत, बक्षिसापुरती उरवली आणि जागा पालेभाज्यांनी व पेलेटनी घेतली. एका झटक्यात बदल केला तर जुलाब होतात आणि माद्यांत भांडणेही.

पेलेटच्या पोत्यावर उत्पादनाची तारीख वाचणे हा कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग. माकडाचे शरीर माणसासारखेच क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, आणि साध्या पेलेटमधले क जीवनसत्त्व उत्पादनानंतर सुमारे 90 दिवसांपर्यंतच भरवशाचे धरतात. स्थिर केलेले असेल तर 180. त्यापुढच्या पोत्यावर पोसलेल्या प्राण्याच्या हिरड्यांतून रक्त आले तर किटणाला एकट्याला दोष देऊ नये. याच्या रक्तातली साखरही पाहिली, कारण मधुमेही मकाकाच्या हिरड्या कितीही साफ केल्या तरी बिघडत राहतात. ती ठीक होती.

सहा महिन्यांनी

दरम्यान ‘तोंड उघड’ शिकवून झाले होते. जाळीबाहेर काठीच्या टोकाला नाक लावणे, मग काठी वर सरकवली की मान वर करणे, मग ओठ विलग झाले की त्याच क्षणी शिट्टी आणि बक्षीस, मग उघडे तोंड पाच सेकंद. दिवसाला पाच-पाच मिनिटांची दोन सत्रे, सुमारे दोन महिने. बोट जाळीच्या आत कधीच नाही. ब्रश शिकवता येतो, पण तो लांब दांड्याला बांधून आणि क्लोरहेक्सिडीन जेल लावून, फक्त बाहेरच्या पृष्ठभागापुरता. आतली बाजू भुलेखालच्या सफाईसाठीच राहते.

वजन 10.1 किलो. पेलेट बुडवणे बंद झाले, म्हणजे ती लकब नव्हती. वार्षिक तपासणीच्या भुलेत, पूर्वीच्याच कोनात आणि त्याच 4 नंबरच्या फिल्मवर घेतलेल्या प्रतिमेत काढलेल्या सुळ्याची पोकळी हाडाने भरत आलेली दिसली. कळपातले स्थान टिकले. जांभया तो अजूनही देतो, आता फक्त उजवी बाजू पुढे करून. त्या उजव्या सुळ्याच्या टोकाचा तपकिरी डाग थोडा रुंद झाला आहे, पण एक्सप्लोरर अजून त्यावरून घसरतो. नळीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्यात लिहिली आहे. पुढच्या वर्षी ती तेवढीच राहिली तर नस मेल्याचा संशय धरून रूट कॅनालची तयारी करायची, आणि लांब फाइल आता कपाटात आहेत.